इतरांमध्ये मोजलेली भाषा

पुणे-सातारा हायवेवरून वेल्ह्याकडे जायचं तर नसरापूरजवळ चेलाडी फाट्याला वळावं लागतं. मागच्या पावसाळ्यात तिथल्या एका चायनीजच्या गाडीवर मी एसटीची वाट बघत उभी होते. कढईवर काम करणारा पोरगा एका हाताने नूडल्स परतत होता आणि खांद्याशी दाबून धरलेल्या फोनवर घरी बोलत होता. मला नेपाळी येत नाही, पण पुण्यात सोसायटीच्या वॉचमनमुळे कानाला तिची सवय झालेली आहे. हे बोलणं तिच्या जवळचं होतं, तरी ते नव्हतं. त्याने फोन ठेवल्यावर मी विचारलं, "नेपाळी ना?"

तो हसला. "सब यही बोलते हैं, दीदी. नेपाली तो स्कूल की है. घर में डोटेली."

"म्हणजे नेपाळीचीच एक बोली का?"

"स्कूलवाले भी यही बोलते थे," तो म्हणाला आणि प्लेट पुढे सरकवली.

तेवढ्यात एसटी आली. वेल्ह्यापर्यंत माझ्या डोक्यात त्याचं शेवटचं वाक्य फिरत राहिलं. कारण 'स्कूलवाले' म्हणजे कोण हे मला पक्कं माहीत होतं. त्यांच्यातली एक मीही होते.

आधी डोटीची गोष्ट

घरी आल्यावर मी डोटेलीबद्दल वाचायला बसले. नेपाळच्या अगदी पश्चिम टोकाला, आपल्या उत्तराखंडाला लागून असलेल्या डोंगराळ मुलखात ही भाषा बोलतात. तिथे एकेकाळी डोटीचं स्वतंत्र राज्य होतं. १७९० मध्ये गोरखा सैन्याने ते जिंकलं. गोरखा राज्यकर्ते जी भाषा बोलत, तिला आधी 'खस कुरा' म्हणत, मग 'गोरखाली' आणि विसाव्या शतकात 'नेपाली'. भाषेला देशाचं नाव मिळालं आणि तिच्या शेजारच्या बहिणी आपोआप तिच्या 'बोली' ठरल्या. डोटेली ही त्यांच्यातलीच एक. गंमत म्हणजे राहुल सांकृत्यायनांना ती नेपाळीपेक्षा कुमाऊँनीच्या घरातली वाटत होती. म्हणजे एकाच भाषेला दोन शेजारणी आपली लेक म्हणत होत्या आणि तिला स्वतःला कुणी विचारत नव्हतं.

मग २०११ च्या नेपाळच्या जनगणनेत डोटेलीला स्वतःची ओळ मिळाली. ७ लाख ८७ हजार ८२७ लोकांनी आपली मातृभाषा डोटेली असल्याचं सांगितलं. २०१५ मध्ये आलेल्या संविधानात नेपाळमध्ये मातृभाषा म्हणून बोलल्या जाणाऱ्या सगळ्याच भाषांना राष्ट्रभाषा म्हटलं गेलं. २०२१ मध्ये तिथल्या भाषा आयोगाने सुदूरपश्चिम प्रांतासाठी नेपाळीच्या जोडीला डोटेली आणि थारू या भाषांची सरकारी कामकाजाकरता शिफारस केली. आज डोटेलीत विकिपीडिया आहे. फोनवर उघडून बघा, लिपी देवनागरीच असल्यामुळे बरंचसं वाचताही येतं.

भाषा बोलणारी माणसं २०११ च्या आधीही होतीच. फरक एवढाच पडला की कुणीतरी विचारलं, आणि जे उत्तर आलं ते तसंच लिहून घेतलं.

हे वाचताना मला आमच्या वर्गातला शेवटचा बाक आठवला.

फळ्याचा कोपरा

मी भोर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत शिकले. चौथीत मी मॉनिटर होते. आमच्या वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज एक यादी लिहिली जायची. बोलणारे, दंगा करणारे आणि 'अशुद्ध बोलणारे'. ही तिसरी यादी लिहिण्याचा मान माझा होता. आमच्या घरातही 'व्हतं', 'न्हाय', 'कुटं' असंच बोलत असू, पण शाळेचा उंबरा ओलांडला की जीभ बदलायची हे मला लवकर जमलं होतं.

शेवटच्या बाकावर गावाबाहेरच्या कातकरवाडीतला एक मुलगा बसायचा. तो फारसा बोलायचा नाही. बोलला तर त्याच्या तोंडून येणारं वाक्य पुस्तकातल्या मराठीसारखं नसायचं आणि आमच्या मावळी मराठीसारखंही नसायचं. वर्ग हसायचा. मी फळ्यावर त्याचं नाव लिहायचे. दिवाळीपर्यंत त्याचं नाव बहुतेक रोज असायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. गुरुजी म्हणाले, "भट्टीवर गेली असतील." वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर. पावसाळ्यात ते कुटुंब परत आलं, तो शाळेत आला नाही.

तो जे बोलायचा ते अशुद्ध मराठी नव्हतं. ते शुद्ध कातकरी होतं. हे मला कळायला वीस वर्षं लागली.

कात करणारे

कातकरी या शब्दातच त्यांचा जुना धंदा आहे. कात करणारे ते कातकरी, किंवा काथोडी. खैराचं झाड तोडायचं, वरचं साल आणि पांढरं लाकूड काढून आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या करायच्या, त्या मडक्यांत पाणी घालून तासन् तास उकळायच्या. अर्क उतरला की गाळून आटवायचा, घट्ट झाला की वड्या पाडून वाळवायच्या. पानात चुन्याशेजारी लागतो तो हाच कात. रंगकामात आणि औषधात तो लागायचा ते वेगळंच. विड्याने लाल झालेल्या प्रत्येक तोंडामागे रानात कुणीतरी भट्टी लावून बसलेलं असायचं.

हे काम फिरतं होतं. खैर जिथे, तिथे मुक्काम. रायगड, ठाणे, पालघर हा त्यांचा मुख्य मुलूख, पण घाट चढून ते मावळ, मुळशी, वेल्हे, भोर इथेही आले. आजही या तालुक्यांत गावाच्या कडेला, नदीकाठी किंवा धरणाच्या पाण्याजवळ त्यांच्या वाड्या दिसतात. मासे, खेकडे, मध, कंदमुळं यांतलं त्यांचं ज्ञान गावालाही माहीत असतं. माझी आजी सांगायची, पावसाच्या तोंडावर एक कातकरीण दारात खेकडे घेऊन यायची आणि बदल्यात नाचणी घेऊन जायची. आजी तिला "बाई" म्हणायची, तिच्या हातावर वरून धान्य सोडायची आणि ती गेल्यावर तिच्या बोलण्याची नक्कल करून आम्हाला हसवायची. सौदा नेहमी मराठीत व्हायचा. ज्याला धान्य हवं त्याने धान्यवाल्याची भाषा शिकायची, हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडत मात्र कुणीच नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात हे जगणं दोन बाजूंनी आवळलं गेलं. १८७८ च्या वन कायद्याने ब्रिटिश मुलखातली जंगलं राखीव होऊ लागली. खैर तोडून कात करणं आता गुन्ह्याच्या जवळ जाऊ लागलं. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा आला आणि घरी दारू गाळण्यावर सरकारचा हात पडला. १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यापर्यंत पोचला, आणि त्याखाली आणलेल्या समूहांत कातकऱ्यांचंही नाव घेतलं जातं. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. पण 'चोर' हा शब्द गावाच्या बोलण्यातून कायद्याबरोबर रद्द होत नाही.

कात गेला, तर हाती आला कोळसा. वाढत्या शहरांना तो हवा होता, जंगलाचे ठेके व्यापाऱ्यांकडे होते आणि झाडं तोडून भट्टी लावायचं कौशल्य कातकऱ्यांकडे होतं. कोळशानंतर विटा. व्यवहार एकाच पद्धतीचा राहिला. पावसाळ्यात पोटाला कमी पडतं तेव्हा उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर ती फेडायला सबंध कुटुंबाने भट्टीवर जायचं. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली, उचल मात्र राहिली. ए. एन. वेलिंग यांनी १९३४ मध्ये कातकऱ्यांवर स्वतंत्र समाजशास्त्रीय पुस्तक लिहिलं, म्हणजे त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं असं नाही. लक्ष होतं, पण ते त्यांच्या जमिनीवर, सवयींवर आणि गुन्ह्यांवर. भाषेवर क्वचितच.

सचिवांचं संस्थान

आता भोरकडे येऊ. भोर हे पंत सचिवांचं संस्थान. सतराव्या शतकाच्या अखेरीस, छत्रपती राजारामांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळालं आणि त्यांच्या घराण्याकडे हा मुलूख राहिला. अष्टप्रधानांत सचिवाचं काम काय होतं? राजाची पत्रं तपासायची, कमी-जास्त अक्षर असेल तर मजकूर दुरुस्त करून शुद्ध करायचा. म्हणजे आमचं संस्थान एका अर्थाने शुद्धलेखन तपासणाऱ्याच्या घराण्याचं होतं. फळ्यावर 'अशुद्ध बोलणारे' लिहिताना मला हे माहीत नव्हतं.

या संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. यातला सुधागड घाटाखाली आहे, पालीच्या बल्लाळेश्वराचा. म्हणजे भोरच्या राजाची सत्ता सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना होती. घाटावरच्या हिरडस मावळात किंवा गुंजण मावळात उतरलेलं कातकरी कुटुंब आणि सुधागडातले त्यांचे सोयरे हे एकाच राज्यात राहत होते. वरंध्याच्या, मढ्याच्या घाटवाटा त्यांच्यासाठी सीमा नव्हत्या, रस्ते होते.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. वरचा मुलूख पुणे जिल्ह्यात आला, सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला, जो आज रायगड आहे. नकाशावर ही सरळ रेघ होती. कातकऱ्यांसाठी तिचा अर्थ पुढे हळूहळू उघड होत गेला. आज रायगडातल्या कातकऱ्यांचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पेणला आहे, तर भोर-वेल्ह्यातल्या कातकऱ्यांचं घोडेगावला. जातीच्या दाखल्यापासून घरकुलापर्यंत काही अडलं तर वेल्ह्यातल्या माणसाने पुणे ओलांडून जिल्ह्याच्या उत्तर भागात, आंबेगाव तालुक्यात जायचं. पुणे जिल्ह्यातलं अनुसूचित क्षेत्रही जुन्नर-आंबेगावच्या बाजूला आहे, भोर-वेल्ह्यात नाही. इथला आदिवासी थोडा आणि विखुरलेला, म्हणून नकाशात तो दिसत नाही.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मान्यता दिली. आमच्याकडे पेढे वाटले गेले. मलाही आनंद झाला, राजगड कुणाचा आहे आणि काय आहे हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण त्या दिवशी मनात आलं, नाव बदलायला अर्ज, ठराव, मंजुरी अशी एक वाट तरी असते. ज्या गोष्टीचं नावच कुठल्या कागदावर नाही, तिने अर्ज कुठे करायचा?

ग्रिअर्सनच्या खंडात

तसं एका कागदावर नाव आहे. जॉर्ज ग्रिअर्सन या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या भाषांचं जे प्रचंड सर्वेक्षण केलं, त्याचा सातवा खंड मराठीचा. तो १९०५ मध्ये निघाला आणि तयार केला स्टेन कोनोव या नॉर्वेजियन अभ्यासकाने. त्यात कोकणातल्या बोलींमध्ये वारली, वाडवळ, फुडगी, सामवेदी यांच्या पंगतीला कातकरीही बसलेली आहे. पुढे १९१६ मध्ये याच सर्वेक्षणाच्या पहाडी भाषांच्या खंडात नेपाळीला 'पूर्व पहाडी' हे घर मिळालं. चायनीजच्या गाडीवरचा पोरगा आणि माझ्या वर्गातला पोरगा, दोघांच्या भाषांच्या घराण्यांची नोंद एकाच माणसाच्या देखरेखीखाली झाली होती.

ग्रिअर्सनची पद्धत साधी होती. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक भाषेत सांगून घ्यायची, म्हणजे सगळ्यांची तुलना करता येते. गोष्ट अशी: एका बापाला दोन मुलं. धाकटा म्हणतो, माझ्या वाट्याची इस्टेट मला द्या. ती घेऊन तो परदेशी जातो, उधळतो, उपाशी मरू लागतो आणि शेवटी बापाकडे परत येतो. हिंदुस्थानभरच्या भाषा या एका गोष्टीच्या मापाने मोजल्या गेल्या. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती त्यांच्या भाषांनाही सुरुवातीला 'माझ्या वाट्याची इस्टेट' हेच म्हणून दाखवावं लागे. खेकड्याच्या बिळाचे, माशांच्या जातींचे, खैराच्या गाभ्याचे शब्द या पद्धतीत विचारलेच जात नव्हते, आणि कातकरीचा खरा ऐवज तिथे असणार.

तरीही त्या खंडाचे उपकारच आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी ही मराठीहून वेगळी दिसते एवढं तरी लिहून ठेवलं. कातकरी ही मराठी-कोकणीच्या गोतातली भाषा, हे आजचेही अभ्यासक मानतात. जगभरच्या भाषांना जे तीन अक्षरी संकेत दिलेले असतात त्यात डोटेलीला 'डीटीवाय' आहे आणि कातकरीला 'केएफयू'. तिथे दोघी सारख्या आहेत. फरक पडतो तो देशाच्या मोजणीत.

मोजणी

भारताच्या २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात काथोडी-कातकरी जमातीची लोकसंख्या २ लाख ८५ हजार ३३४ आहे. सरकारच्या लेखी ही अतिअसुरक्षित आदिवासी जमात आहे. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी.

आता त्याच जनगणनेचे भाषेचे तक्ते उघडा. लोकांनी आपल्या मातृभाषेची जी नावं सांगितली ती होती १९,५६९. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या. त्यांतल्या दहा हजारांहून जास्त भाषक असलेल्या २७० मातृभाषा छापल्या गेल्या आणि त्या १२१ भाषांखाली बसवल्या गेल्या. मराठीच्या खात्यात ८ कोटी ३० लाख २६ हजार ६८० माणसं आहेत. त्या खात्यात कोळी बोलीसाठी वेगळी ओळ आहे आणि शेवटी 'इतर' अशीही एक ओळ आहे. कातकरी नावाची ओळ नाही.

म्हणजे जमात आहे पावणेतीन लाखांच्या वर आणि तिची भाषा 'इतर' मध्ये, किंवा सरळ 'मराठी' मध्येच. हे कसं होतं ते समजायला कट-कारस्थान शोधायची गरज नाही. मोजणीला येतात ते बहुधा आमच्यासारख्या घरातले शिक्षक. वाडीत जातात, मराठीत विचारतात, उत्तर मराठीत येतं. मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहिलं जातं. ज्याचं नाव लहानपणी फळ्यावर लागलं तो मोठेपणी सरकारी माणसासमोर आपली भाषा कुठली म्हणून सांगणार? तीच जी बोलल्यावर नाव लागत नाही.

कायदा आहे, प्रश्नच येत नाही

या एका ओळीने काय फरक पडतो? बराच. घटनेचं कलम ३५० क, जे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी असं सांगतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. २०२० चं शैक्षणिक धोरण घरच्या भाषेचा आग्रह धरतं. तीनही ठिकाणी शब्द छान आहेत. पण कातकरी मुलाची मातृभाषा कागदावर मराठी आहे आणि शाळाही मराठीच आहे. त्यामुळे सगळं आधीच नियमाप्रमाणे चालू आहे. प्रश्नच येत नाही.

मग पहिलीतलं ते मूल दोन गोष्टी एकदम शिकतं: अक्षरं, आणि ज्या भाषेत ती अक्षरं आहेत ती भाषा. शेजारचं मूल त्यातली एकच शिकत असतं. वर्षाच्या शेवटी एक हुशार ठरतं, दुसरं 'मागे'. दिवाळीनंतर दुसरं मूल भट्टीवर जातं आणि सगळे म्हणतात, यांना शिक्षणाची आवडच नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी वाडीतल्याच एका मावशींकडून ऐकला आहे. मी भाषेचं काढल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या पोरान्ला आमचीच भाषा शिकवून काय करता? तुमची शिकवा, इंग्लिश शिकवा." त्यांचं चूक नाही. मराठी आल्याशिवाय तलाठी, दवाखाना, रेशन यांतलं काहीच हलत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण मराठी येण्यासाठी कातकरी जायलाच हवी, हे कुठे ठरलं? माझी मावळी बोली पुण्याच्या कॉलेजात हसण्यावारी गेली. "व्हय" म्हटलं की मैत्रिणी ते परत म्हणायला लावायच्या. मी चार वर्षांत प्रमाण मराठी पक्की केली, पण घरी फोनवर अजून "व्हय"च म्हणते. मला दोन्ही ठेवता आल्या, कारण माझ्या बोलीला निदान मराठी म्हणून ओळखत होते आणि आमच्या घराला जमीन होती, नोकऱ्या होत्या. जिला दोन्ही नाही ती भाषा बोलणाऱ्याला निवड करावी लागते, आणि ती निवड कुठल्या बाजूने होणार हे आधीच ठरलेलं असतं.

मग ती भाषा की बोली? खरं सांगायचं तर हा प्रश्न व्याकरणाने सुटत नाही. प्रमाण मराठी हीसुद्धा एकोणिसाव्या शतकात पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांतली बोलीच होती. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला, मेजर कँडींसारख्यांनी शालेय पुस्तकं तपासली आणि एक बोली छापखान्यात शिरून भाषा झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवलं. अभिजात म्हणजे जिचं जुनेपण मान्य झालं ती. त्या मान्यतेसाठी आपण कित्येक वर्षं दिल्लीला विनवत होतो, की आम्हाला कुणाची शाखा समजू नका, आमचं वय मोजा, आमचे पुरावे बघा. हे दुखणं मराठी माणसाला चांगलं कळतं. म्हणूनच आपल्याच घाटात तेच दुखणं दुसऱ्याला आपण देत असू, तर ते आधी आपल्या लक्षात यायला हवं.

कामं अगदीच सुरू नाहीत असं नाही. २०१३ मध्ये भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली निघाला. त्याने राज्यातल्या बोली एका मोठ्या ग्रंथात शेजारी शेजारी ठेवल्या. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या मदतीने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून गावोगावच्या माणसांची ध्वनिमुद्रणं वेबसाइटवर मोफत ठेवली आहेत. हेडफोन लावून ऐका. आपल्या शेजारच्या तालुक्यातली माणसं किती वेगळं बोलतात ते ऐकून चाट पडाल.

पुढची मोजणी

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. या वेळी फोनवरून स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे. बहुतेक चर्चा जातीच्या रकान्याची आहे आणि ती व्हायलाही हवी. मातृभाषेच्या रकान्याकडे फार कुणाचं लक्ष नाही. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल, मोजणीला वाडीवर जाणार असाल, तर एवढं करा: "मातृभाषा मराठीच ना?" असं विचारू नका. "घरात म्हाताऱ्या माणसांशी कुठल्या भाषेत बोलता?" असं विचारा आणि जे उत्तर येईल तेच लिहा. दहा हजार लोकांच्या घरी असं लिहिलं गेलं, तर तक्त्यात एक ओळ वाढू शकते. डोटीत काय झालं ते आपण पाहिलंच.

तो मुलगा आता माझ्याच वयाचा असणार, पस्तिशीच्या आसपासचा. गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा मी कातकरवाडीत त्याची चौकशी केली. भट्टीवर आहे, पावसाळ्यात येईल, असं कळलं. त्याची आई अंगणात बसली होती. तिने मला ओळखलं, माझ्या आजीचं नाव घेतलं, मराठीत. मग मागे वळून नातीला काहीतरी म्हणाली. नातीने आतून पाणी आणलं. त्या दोघींचं बोलणं मला कळलं नाही, आणि इतकी वर्षं शेजारी राहून ते कळत नाही याची लाज वाटली.

चौथीत त्याचं नाव मी किमान शंभर वेळा फळ्यावर लिहिलं असेल. ज्या शब्दांसाठी लिहिलं, त्यातला एकही मला आठवत नाही. मी ते ऐकतच नव्हते, फक्त पकडत होते. या पावसाळ्यात तो आला की भेटायला जायचं ठरवलं आहे. या वेळी खडू नाही, वही घेऊन. त्याला वेळ असेल आणि मनात असेल, तर तो सांगेल तसं लिहून घेईन.